मदत हवी आहे: १८८२ ते १९२६ च्या पाच ब्रिटिश पेनी, डाय नक्की कोणती?

प्रश्न

नमस्कार मंडळी. ब्रिटिश ब्राँझ पेनींचा एक लॉट वर्षवार लावला आहे, पण पाच नाण्यांपाशी गाडी अडली आहे: ती कोणत्या डायची (छाप उठवणाऱ्या साच्याची), हे ठरत नाही. पाचही नाण्यांचा व्यास ३०.८ मिमीच्या आसपास आहे, वजन ९.१ ते ९.४ ग्रॅम (टाकसाळीचं मूळ वजन ९.४५). एकही नाणं धुतलेलं किंवा पॉलिश केलेलं नाही. दहापट भिंग, साधा व्हर्नियर आणि फ्लॅटबेड स्कॅनर हाताशी आहे.

१८८२ : सालाखाली H (टाकसाळीची खूण) दिसतच नाही.
१८९५ : मागच्या बाजूवरच्या ब्रिटानिया या स्त्रीच्या हातातला त्रिशूळ आणि PENNY मधला P यांच्यातलं अंतर व्हर्नियरने १.४ मिमी येतं. १ मिमीवाली म्हणू की २ मिमीवाली?
१९०२ : ब्रिटानियामागची समुद्राची रेघ नेहमीपेक्षा खाली वाटते, पण झीज बरीच आहे.
१९०३ : ३ चं तोंड उघडं वाटतं.
१९२६ : राजाचं डोकं सुधारित आहे की जुनंच, हे ठरत नाही.

किंमत विचारत नाही. प्रत्येक नाण्यावर डाय कशावरून ठरवायची, तेवढं सांगा.

प्रतिसाद १

आधी १८९५ घ्या, कारण तिथे चूक मोजण्यात आहे. १ मिमी आणि २ मिमी ही त्या डायना पडलेली ढोबळ नावं आहेत. नाणं झिजतं तसा त्रिशूळाचा दात बारीक होतो, P चीही कड मागे सरते, आणि मधली फट रुंद होते. त्यामुळे झिजलेली साधी १८९५ व्हर्नियरवर १.३–१.४ दाखवू शकते. शिवाय व्हर्नियरचं टोक उठावाच्या उतारावर नेमकं कुठे टेकलं, हे दर वेळी बदलतं.

स्कॅनर आहे तर १२०० डीपीआयवर स्कॅन करा. तिथे १ मिमी म्हणजे सुमारे ४७ पिक्सेल आणि पूर्ण नाणं सुमारे १४५५ पिक्सेल. कडेपासून कडेपर्यंतचा व्यास आधी मोजा, मग फट मोजा, आणि फटीने व्यासाला भागा. उत्तर १५–१६ च्या घरात आलं तर २ मिमीवाली, ३० च्या घरात आलं तर नेहमीची. तुमचं १.४ खरं धरलं तरी भागाकार २२ येतो. एवढ्या झिजेच्या नाण्यावर मी ती नेहमीचीच समजेन. खऱ्या २ मिमीवाल्या नाण्यावर ही फट नुसत्या डोळ्यांना खटकते, मोजमाप नंतर येतं.

  

प्रतिसाद २

१८८२ बद्दल सावध राहा. त्या वर्षी लंडनच्या टाकसाळीत नवी यंत्रं बसवण्याचं काम चालू होतं, म्हणून पेनी पाडायचं काम बर्मिंगहॅमच्या राल्फ हीटन अँड सन्स यांच्याकडे गेलं. त्यांच्या नाण्यांवर सालाखाली H असतो. H नसलेली खरी १८८२ अस्तित्वात आहे, पण अतिशय दुर्मिळ. बाजारात H नसलेलं जे नाणं येतं त्यावर बहुतेकदा H झिजलेला असतो, डायमध्ये ग्रीस-कचरा बसल्याने नीट उठलेला नसतो, नाहीतर कुणीतरी खरवडून काढलेला असतो.

तपासायचं असं: खोलीतला दिवा बंद करा, एकच टॉर्च नाण्याच्या पातळीला जवळजवळ आडवी धरा आणि नाणं हळूहळू पूर्ण फिरवा. झिजलेल्या H चे दोन उभे पाय कुठल्यातरी एका कोनात सावली टाकतात. खरवडलेल्या जागी मैदान (नाण्याचा सपाट भाग) किंचित खोलगट दिसतं, आणि त्या खळग्यात एकाच दिशेच्या बारीक रेघा असतात. भोवतालच्या झिजेचे ओरखडे मात्र सगळ्या दिशांचे असतात. रंगही बघा. खरवडलेल्या जागेवरचा थर नंतर चढलेला असतो, म्हणून तो आजूबाजूच्या तपकिरीशी सहसा मिळत नाही.

यातलं काही सापडलं नाही तरी खूश होऊ नका. राणीच्या बाजूची डायसुद्धा H नसलेल्या खऱ्या नाण्याशी जुळायला हवी. नुसतं ‘H दिसत नाही’ हा पुरावा धरता येत नाही.

१९०३ वर थोडक्यात: साध्या ३ चं खालचं टोक आत वळून गाठीसारखं संपतं. उघड्या ३ मध्ये ते आत वळतच नाही. गाठ झिजली की साधा ३ उघडा भासतो, फसगत होते ती इथे. खालच्या कमानीचा आकार बघा, टोक बघू नका. १९०३ ची एक साधी, तितकीच झिजलेली पेनी शेजारी ठेवली तर पाच मिनिटांत निकाल लागतो.

प्रतिसाद ३

१९०२ वर सविस्तर लिहितो, कारण पाचांत हेच नाणं खरं निघण्याची शक्यता जास्त आहे. ‘लो टाइड’ (समुद्राची रेघ खाली असलेली) १९०२ कमी मिळते, पण अप्राप्य नाही. त्या सालच्या हाफपेनीतही हा प्रकार आहे, तीही चाळून घ्या.

ब्रिटानियाचा उजवा पाय डाव्या पायामागून जिथे ओलांडून जातो, तो बिंदू शोधा. नेहमीच्या नाण्यावर क्षितिजाची रेघ त्या बिंदूच्या पातळीला येते. लो टाइडवर ती त्याच्या स्पष्ट खाली असते. अडचण अशी की समुद्राच्या लाटा फार उथळ उठावाच्या आहेत. झीज वाढली की वरच्या लाटा आधी जातात, खालच्या उरतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की पाणी ओसरलं. म्हणून लाटा मोजत बसू नका. मैदान आणि समुद्र यांची सीमा शोधा. ब्रिटानियाच्या डावीउजवीकडे, कडेच्या जवळ, ती बहुधा जास्त टिकते. दोन्ही बाजूंना जिथे सापडेल तिथे स्कॅनवर एकेक ठिपका द्या, दोन ठिपके सरळ रेघेने जोडा, आणि ती रेघ पायांच्या कुठून जाते ते पाहा. पाय उंच उठावाचे असल्याने ओलांडणीचा बिंदू बऱ्याच झिजेनंतरही सापडतो.

आता १९२६. जुन्या डोक्यामुळे मागच्या बाजूला राजाच्या डोक्याची पुसट छाया उमटायची. पुढचा उठाव खोल, त्यात धातू ओढला जायचा आणि मागची बाजू नीट भरायची नाही. ते टाळायला डोकं बदललं. १९२६ मध्ये जुनं आणि सुधारित दोन्ही वापरलं गेलं, १९२७ मध्ये फक्त सुधारित. त्यामुळे १९२७ ची स्वस्तातली पेनी हा तुमचा आयता नमुना. गळ्याच्या कापावर बी आणि एम ही अक्षरं (शिल्पकार बर्ट्रम मॅकेनल यांची आद्याक्षरं) पाहा: जुन्या डोक्यावर B.M. असं टिंबांसह, कापाच्या मध्याकडे. सुधारित डोक्यावर BM टिंबांशिवाय, जास्त उजवीकडे. टिंबं झिजतात, म्हणून अक्षरांची जागा प्रमाण माना.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. १८९५ चा भागाकार २८ आला, म्हणजे नेहमीची; व्हर्नियरच चुकत होता. १८८२ वर आडव्या उजेडात H चा डावा पाय अर्धा दिसला. १९०३ साधी. १९२६ जुन्या डोक्याची. १९०२ मध्ये ठिपके जोडलेली रेघ ओलांडणीच्या बिंदूखाली जवळजवळ १ मिमी जाते, दोन्ही बाजूंनी. स्कॅन नाणं ९० अंश फिरवून पुन्हा केला, तरी तेच. १९०९ च्या सहा पेनीही आहेत, त्यांत काही बघायचं का?

प्रतिसाद ३

मग १९०२ लो टाइडच. फिरवून दुसरा स्कॅन केलात ते उत्तम, एकाच दिशेच्या उजेडात सावलीचीही रेघ दिसते.

१९०९ मध्ये नक्की बघा. सालातला १ थेट कडेच्या दाताच्या (काठालगतच्या बारीक उठावाच्या) डोक्यावर उभा असेल, तर ती फ्रीमन यांच्या ब्राँझ नाण्यांच्या यादीतली क्रमांक १६९, म्हणजे दुर्मिळ डाय. नेहमीच्या नाण्यावर तो दाताच्या मधोमध येत नाही, जरा बाजूला सरकलेला असतो. १ च्या दांड्याच्या मध्यातून नाण्याच्या केंद्राकडे रेघ ओढा आणि तीच कडेपर्यंत वाढवा. नुसत्या नजरेने ठरवलंत तर भिंग तिरकं धरल्याने एक दात इकडचा तिकडे होतो.

प्रतिसाद २

१९०२ आता सांभाळून ठेवा. चिकट मळ असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोनमध्ये दहा मिनिटं बुडवा (नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल-सुगंध असतात). खिडकी उघडी, गॅस बंद. नंतर टिपकागदावर ठेवून आपोआप वाळू द्या, पुसू नका. चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही लावलंत तर तपकिरी थर जातो आणि तो परत येत नाही. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका, त्यातून हिरवा चिकटा सुटतो. मुंबई-कोकणच्या हवेत डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात ती महिन्याला बदला.