गर्भाची वाढ मोजताना आईचा वंश विचारात घ्यावा का?

प्रश्न
माझ्या बहिणीला ३२वा आठवडा सुरू आहे. परवाच्या सोनोग्राफीत बाळाचे अंदाजित वजन एका तक्त्यानुसार ८व्या पर्सेंटाइलवर (म्हणजे त्याच आठवड्याच्या शंभर बाळांपैकी साधारण आठच त्याहून हलकी), बाळ लहान मानण्याच्या दहाच्या मर्यादेखाली आले. त्याच मोजमापांवरून दुसऱ्या तक्त्यात मात्र ते २०व्याच्या आसपास भरले. काही तक्ते आईचा वंश लक्षात घेतात आणि काही घेत नाहीत, एवढाच खुलासा मिळाला. वंशानुसार गर्भाची वाढ खरोखरच वेगळी असते, की हा केवळ तक्ते बनवणाऱ्यांमधला मतभेद आहे?

प्रतिसाद १
दोन्ही. ‘इंटरग्रोथ-२१’ या प्रकल्पात आठ देशांतील (नागपूर, नैरोबी, मस्कत, ऑक्सफर्ड ही त्यांतली काही ठिकाणे) निरोगी आणि सुपोषित गर्भवतींचा अभ्यास झाला आणि २०१४ मध्ये असा निष्कर्ष मांडला गेला, की आईची परिस्थिती चांगली असेल तर गर्भाची वाढ सर्वत्र जवळजवळ सारखी होते, म्हणून जगाला एकच तक्ता पुरेल. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील एनआयसीएचडी या बालआरोग्य व मानवी विकासाच्या राष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासाने याच्या उलट सांगितले. तिथेही स्त्रिया निरोगीच निवडल्या होत्या, तरी २० आठवड्यांनंतर अंदाजित वजनांत फरक दिसू लागला आणि ३९व्या आठवड्यात मध्यक वजन गौरवर्णीय गटात सुमारे ३,५०० ग्रॅम, हिस्पॅनिक गटात ३,३४० आणि आशियाई व कृष्णवर्णीय गटांत ३,२६०-३,२७० ग्रॅमच्या आसपास निघाले. मात्र पहिल्या प्रकल्पाने देशांची तुलना केली ती गर्भाची लांबी, डोक्याचा घेर आणि नवजात बाळाची उंची यांवरून, वजनावरून नव्हे. ही गोष्ट वाद घालणारे बहुधा विसरतात.

प्रतिसाद २
आकडे मान्य आहेत, पण ‘वंश’ या शब्दावर इतका भार टाकणे मला पटत नाही. ‘आशियाई’ या एका रकान्यात कितीतरी वेगवेगळ्या चणीचे लोक कोंबले जातात, आणि आईवडील दोन वेगळ्या समूहांतले असतील तर त्या बाळाला कोणत्या रकान्यात टाकायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७च्या तक्त्यांसाठी दहा देशांत मोजमापे घेतली गेली. त्यांत देशादेशांत फरक आढळलाच, शिवाय आईचे वय, उंची, वजन, आधीची बाळंतपणे आणि बाळाचे लिंग यांचाही वजनावर परिणाम दिसला. वंशाचा रकाना भरण्याआधी आईची उंची विचारावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद ३
मी प्रसूतिविभागात काम करते, म्हणून व्यवहारातली अडचण सांगते. गौरवर्णीय गटाचा तक्ता सर्वांना लावला तर इतर गटांतील सुमारे १५ टक्क्यांपर्यंत गर्भ शेवटच्या तिमाहीत पाचव्या पर्सेंटाइलखाली मोजले जाऊ शकतात, असे त्याच अमेरिकी अभ्यासाने दाखवले. उलट, एखाद्या समूहाची बाळे लहानच असतात असे गृहीत धरून मर्यादा खाली आणली, तर वारेतून पुरेसे पोषण न मिळणारे बाळही ‘प्रकृतीनेच लहान’ ठरून नजरेतून सुटू शकते. मला ही दुसरी चूक अधिक धोक्याची वाटते. सोनोग्राफीतील वजन हा अंदाजच असतो आणि त्यात १० ते १५ टक्क्यांची तफावत सहज पडते. त्यामुळे तिसऱ्या पर्सेंटाइलखालचे बाळ सोडले, तर तीन ते दहाच्या दरम्यानच्या बाळांत निव्वळ त्या आकड्यावरून वाढ खुंटल्याचे निदान करत नाहीत. डॉप्लर (नाळेतील रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) आणि आधीच्या मोजमापांच्या तुलनेत वाढीची रेष घसरते आहे का, हे पाहतात. पोटाचा घेर मागे पडून डोके वाढत असेल तर विशेष लक्ष ठेवतात. बहिणीचा डॉप्लर झाला आहे का?

प्रश्नकर्ती
झाला आहे, आणि तो सामान्य आहे. २८व्या आठवड्याचा अहवाल आता शोधून पाहिला, त्यात दुसऱ्या तक्त्यानुसार बाळ २२व्या पर्सेंटाइलवर होते. पुढची तपासणी आठ दिवसांनी ठेवली आहे.

प्रतिसाद ३
मग रेष फारशी घसरलेली दिसत नाही. वाढ मोजण्यासाठी मात्र आठ दिवस अपुरे आहेत. मोजमापातली चूकच तेवढ्या दिवसांतल्या वाढीहून मोठी असू शकते, म्हणून निदान दोन आठवड्यांचे अंतर ठेवता येईल का आणि तोच तक्ता वापरला जाईल का, हे डॉक्टरांना विचारावे. तपासणी केवळ डॉप्लरसाठी असेल तर आठ दिवस ठीक आहेत.