एकच मशीन, एकच पार्ट, पगारात साडेतीन हजारांचा फरक

शिरोली_व्हीएमसी
कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) ऑपरेटर आहे, 6 वर्षं पूर्ण. हातात 21,640 येतात. एप्रिलमध्ये आलेल्या नव्या ऑपरेटरला गेल्या महिन्यात 25,100 मिळाले. मशीन तेच, पार्टही तोच (हाउसिंग), फक्त पाळी उलटसुलट. दोघंही कायम. हे कुणापुढं आणि कसं मांडायचं? कायद्यात काही आहे का?

हिशेब_शाहूपुरी
भावा, हातात आलेला आकडा घेऊन कुणाकडं जाऊ नका. आधी पगाराची स्लिप फोडून बघा.

तुमचा आकडा बघून अंदाज बांधतो: एकूण पगार 24,000, त्यात बेसिक अधिक डीए 18,000. पीएफ 12 टक्क्यांनी पूर्ण 18,000 वर कापला तर 2,160. व्यवसाय कर 200. उरले बरोबर 21,640. नव्याचा पीएफ 15,000 च्या मर्यादेवर कापत असतील तर 1,800 च जातात. म्हणजे 360 चा फरक इथंच, आणि ते पैसे तुमच्याच पीएफ खात्यात साठतायत.

आता ओव्हरटाईम. 18,000 भागिले 26, भागिले 8, म्हणजे तासाला 86.54, दुपटीनं 173. त्यानं महिन्यात 12 तास मारले असतील तर साधारण 2,077.

3,460 मधून हे दोन्ही वजा केले की हजाराच्या आसपास उरतात. भांडायचं ते या हजारासाठी. ओव्हरटाईम नसलेल्या महिन्याच्या स्लिपा घेतल्या की चित्र आणखी स्वच्छ दिसेल. फेब्रुवारीची स्लिप मात्र घेऊ नका, त्या महिन्यात व्यवसाय कर 300 कापतात.

सेटर_गोकुळशिरगाव
हिशेब पटला, पण हजार रुपयेसुद्धा लहान नाहीत. वर्षाला 12,000 होतात, आणि पुढची वाढ टक्क्यांत मिळाली तर अंतर रुंदावतच जातं.

हा फरक पडतो कसा? नवा माणूस बाजारभावानं येतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं तयार ऑपरेटरची ओढाओढ असते, त्यामुळं भरतीचा रेट दरवर्षी वर सरकतो. जुन्याला मिळते ती ठरलेली वार्षिक वाढ. ती रेटच्या मागं पडली की सहा वर्षांचा माणूस नव्याच्या खाली जातो. यात नव्या पोराचा काही दोष नाही, त्याचं नाव मध्ये आणू नका. त्याच्या स्लिपचा फोटो दाखवलात तर एचआर पगाराचं सोडून ‘स्लिप बाहेर गेली कशी’ यावरच बोलत बसेल.

विचारायचं एवढंच: ‘माझा ग्रेड कोणता? त्या ग्रेडचा पगाराचा पट्टा किती ते किती? मी त्यात कुठं बसतो?’ सोबत एक कागद न्या. ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) तुम्ही देता का, टूल बदलल्यावर पहिला पीस तुम्ही पास करून घेता का, प्रोग्रॅममध्ये फीड-स्पीड बदलता का, पार्ट पकडणारं फिक्स्चर बदलायला किती मिनिटं लागतात, गेल्या 6 महिन्यांचं रिजेक्शन किती. आकडे रजिस्टरमधले हवेत, तोंडी नकोत. वाढ एप्रिलला होत असेल तर जानेवारीतच बोला. मार्चमध्ये आकडे वर जाऊन बसलेले असतात, मग सुपरवायझरच्या हातात काही राहत नाही.

कामगार_कायदा
खासगी कारखान्यात दोन कायम पुरुष कामगारांचा पगार सारखाच हवा, असं थेट सांगणारं कलम नाही. राज्यघटनेतलं 39(घ), म्हणजे ‘समान कामाला समान वेतन’, हे फक्त मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यावरचे 1982 चा रणधीर सिंग आणि 2016 चा जगजीत सिंग हे सुप्रीम कोर्टाचे निकाल सरकारी नोकरीतले आहेत. त्यांच्या प्रती खासगी मालकापुढं ठेवून उपयोग होत नाही.

स्त्री-पुरुष फरक असता तर केस भक्कम होती. ते संरक्षण 1976 च्या समान वेतन कायद्यात होतं, आता वेतन संहितेत आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. युनियनचा करार असेल तर आधी त्याचं परिशिष्ट वाचा. ग्रेडनिहाय आकडे तिथंच असतात, आणि ठरल्यापेक्षा कमी मिळत असेल तर ती सरळ वसुलीची बाब होते.

शिरोली_व्हीएमसी
ऑफसेट आणि पहिला पीस मीच करतो. स्लिपवर मात्र ‘ऑपरेटर’ लिहिलंय.

सेटर_गोकुळशिरगाव
मग मागणीच बदला. नव्याशी बरोबरी मागू नका, ‘ऑपरेटर-कम-सेटर’ (मशीन चालवणारा आणि कामासाठी लावूनही देणारा) हा हुद्दा लेखी मागा. ऑफसेट शीटवर रोज सही करताय ना? त्या शीटच्या प्रती काढून ठेवा.