लेकाला डेंटिस्टकडे धरून बसवावं का? सल्ला हवाय

चिंचगूळ: मुलगा साडेपाच वर्षांचा. खालची मागची दाढ किडलीय, रात्री दुखून उठतो. घराजवळच्या दवाखान्यात नेलं तर मला बाहेर बसायला सांगितलं. आतून किंकाळ्या ऐकू आल्या म्हणून दार ढकलून गेले, तर एकीने हात दाबलेले, दुसरीने डोकं. तसाच उचलून घरी आणला. आता ब्रशसुद्धा तोंडाजवळ नेऊ देत नाही.

सासूबाई म्हणतात, दुधाचाच दात, पडेल आपोआप. नवरा म्हणतो, धरू द्यायचं होतंस, पाच मिनिटांत मोकळे झालो असतो. दुसऱ्या डॉक्टरांनी फोनवर ‘पूर्ण भूल देऊन करू’ म्हटल्यावर माझ्याच पोटात गोळा आला. आम्ही ठाण्यात राहतो. काय करू?

अण्णा_डोंबिवलीकर: आम्हाला वडिलांनी खुर्चीत दाबून धरलं होतं. रडलो, दाढ निघाली, येताना कुल्फी मिळाली. विषय संपला. हल्ली पोरांपेक्षा आईबापच जास्त घाबरतात.

मोरपिशी: अण्णा, त्यानंतर किती वेळा गेलात डेंटिस्टकडे?

अण्णा_डोंबिवलीकर: प्रश्न अवांतर आहे.

दंतकथा: मी मुलांचीच डेंटिस्ट आहे, म्हणजे बीडीएसनंतर ३ वर्षं त्याच विषयात एमडीएस. चिंचगूळ, आधी सासूबाईंसाठी: मागची दुधाची दाढ १०-१२ वर्षांपर्यंत तोंडात राहते. ती लवकर गेली की सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्यामागे येणारी पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. शिवाय रात्री दुखून उठतोय, म्हणजे कीड बहुधा दाताच्या नसेपर्यंत पोचलीय. थांबू नका. गालावर सूज किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

आई-वडिलांना बाहेर बसवणं चूकच असं नाही. काही मुलं आई दिसली की जास्त रडतात, हे मी रोज बघते. पण ते तुमच्याशी बोलून ठरायला हवं. धरण्याचंही तसंच: अगदीच अडलं तर, कारण सांगून, लेखी संमती घेऊन. तोंडावर हात दाबून रडणं थांबवण्याची रीत एकेकाळी शिकवत असत. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने ती २००६ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली.

आमचं रोजचं काम ‘सांगा, दाखवा, मग करा’ यावर चालतं. फिरणारा ब्रश आधी नखावर, मग दातावर. लाफिंग गॅस म्हणजे भीती कमी करायला हुंगायला देतात तो वायू. त्यात मूल जागंच असतं, पण नाकावर मास्क ठेवू दिला पाहिजे. किंचाळणाऱ्या मुलावर त्याचा उपयोग नाही. पूर्ण भूल वाईट नव्हे. ७-८ दात खराब असतील तर एका बैठकीत सगळं होतं. एका दाढेसाठी मात्र आधी बाकीचे मार्ग विचारा.

मोरपिशी: आणि घरी ‘अजिबात दुखणार नाही हं’ म्हणू नका. त्याने दुखण्याचं नावही काढलेलं नसतं, आपणच डोक्यात भरवतो. ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हे तर कायमचं बंद. माझा मुलगा स्वमग्न आहे. पहिल्या दोन भेटींत तो फक्त दारात उभा राहिला, तिसऱ्या वेळी खुर्चीत बसला. सकाळची वेळ घ्या. संध्याकाळी पोरं पेंगुळलेली असतात.

टिटवाळा_लोकल: खर्चाचा प्रश्न असेल तर फोर्टला सेंट जॉर्जेसच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय, नाहीतर मुंबई सेंट्रलचं नायर. दोन्हीकडे मुलांचा वेगळा विभाग आहे. रांग असते, डबा घेऊन जा.

चिंचगूळ: सर्वांचे आभार. ठाण्यातच मुलांच्या डेंटिस्ट मिळाल्या. मुद्दाम सासूबाईंना सोबत नेलं. पहिल्या दिवशी फक्त आरशाने दात मोजले, वीस. मग सासूबाईंचे मोजायचा हट्ट धरला. त्यांनी कवळी काढून दाखवली. आज तोंड बधिर करून नसेचं काम झालं. रडला, पण मी हात धरून शेजारीच होते, आणि डॉक्टर मध्ये दोनदा थांबल्या.

दंतकथा: छान! ओठ २-३ तास बधिर राहील, चावू देऊ नका.

चिंचगूळ: उशीर झाला. गाडीतच चावला. ओठ सुजलाय, आत पांढरं दिसतंय. पू आहे का?

दंतकथा: बहुतेक नाही, जखम भरताना तसं पांढरं दिसतं. थंड पाण्याने शेका, तिखट नको. साधारण आठवड्यात बरं होतं. सूज वाढली किंवा ताप आला तर मात्र त्यांना दाखवा.