फोटोत भारी, प्रत्यक्षात हिरमोड: कोणती ठिकाणं टाळावीत?

रानवारा
आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच मोठ्या परदेश प्रवासाला निघायचं ठरतंय. पॅरिस आणि इंग्लंड नक्की, पुढच्या वर्षी बाली किंवा नॉर्वे. बाबांचे गुडघे फारशी साथ देत नाहीत, त्यामुळे रांगेत ताटकळून शेवटी ‘एवढंच?’ असं व्हायला नको. ज्यांचा हिरमोड झालाय त्यांनी जागेचं नाव तर सांगाच, पण तो कशामुळे झाला तेही लिहा. नुसतं ‘गर्दी फार’ म्हटल्याने काही ठरवता येत नाही. त्याऐवजी काय बघावं हे सुचवलंत तर फारच बरं.

दूरदेशी
पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली मोनालिसा. चित्राला नावं ठेवत नाहीये, पण ते ज्या प्रकारे बघावं लागतं त्याने मन खट्टू होतं. चित्र जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं. ते जाड काचेमागे, काचेपुढे कठडा आणि कठड्यापुढे डोक्यावर मोबाइल धरलेली माणसंच माणसं. पुढे पोचेपर्यंत पाय दुखून येतात आणि पोचल्यावर लगेच मागचे रेटायला लागतात.

पण त्याच दालनात, तिच्या बरोबर समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझे या चित्रकाराचं, बायबलमधल्या काना गावातल्या लग्नाचं चित्र आहे. १५६३ साली पूर्ण झालेलं, जवळजवळ दहा मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच. भरलेली पंगत, मधोमध वादक, वाइन ओतणारे नोकर, कुत्री, वर सज्जात चाललेली लगबग. आणि बहुतेक सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे! आधी तेच बघा. मग बाहेरच्या लांबलचक गॅलरीत या. तिथे लिओनार्दोचीच आणखी चित्रं आहेत, ‘व्हर्जिन ऑफ द रॉक्स’ त्यातलंच. तिथे तुलनेने निवांत उभं राहता येतं, चेहऱ्यांवरच्या सावल्या नीट न्याहाळता येतात. लूव्रमध्ये व्हीलचेअर मिळते, बाबांसाठी जरूर घ्या. मंगळवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

निशिगंध
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण मोनालिसा गाळा असं मी सांगणार नाही. आईच्या मनात ती कित्येक वर्षं असेल तर लांबून का होईना, दाखवा. फक्त त्या दिवसाचं सगळं वेळापत्रक तिच्याभोवती बांधू नका.

बालीचं मात्र ठामपणे सांगते. लेम्पुयांग मंदिराचं ते दुभंगलेलं दार आणि खाली पाण्यात पडलेलं प्रतिबिंब पाहून जाणार असाल तर तिथे पाणीच नाही! फोटो काढणारा माणूस लेन्सच्या खाली आरसा धरतो, त्यात ते ‘तळं’ दिसतं. नंबर घेऊन बराच वेळ बसायचं, चार पोझ द्यायच्या, उतरायचं. ढग असले तर मागचा आगुंग पर्वतही दिसत नाही. वाईट याचं वाटतं की डोंगरावर एकापुढे एक मंदिरं आहेत, पण बरेचसे लोक खालच्या दारावरूनच परत फिरतात. अर्थात वर जायला खूप पायऱ्या आहेत, गुडघ्यांना ते झेपायचं नाही.

पायवाट
इंग्लंडमध्ये स्टोनहेंज, म्हणजे प्राचीन काळी उभ्या केलेल्या प्रचंड दगडांचं वर्तुळ. दगड भव्यच आहेत, पण नेहमीच्या तिकिटावर वर्तुळाच्या आत जाता येत नाही. दोरीबाहेरच्या वाटेने फेरी मारायची. तिकिटाची जागाही दगडांपासून दोनेक किलोमीटर लांब, तिथून बसने नेतात. आत उभं राहायचंच असेल तर भल्या सकाळचं किंवा संध्याकाळचं वेगळं बुकिंग मिळतं, ते खूप आधी करावं लागतं.

माझं ऐकाल तर गाडीने तिथून साधारण पाऊण तासावरच्या एव्हबरीला जा. तिथलं वर्तुळ इतकं मोठं आहे की गावाचा काही भाग त्याच्या आतच वसलाय. दगडांमधून फिरा, हात लावा, टेकून बसा. दगडांवरचं शेवाळ बोटांना लागतं, शेजारी मेंढ्या चरत असतात. बाबा एका जागी बसले तरी त्यांना पुष्कळ दिसेल.

रानवारा
मनापासून आभार. एव्हबरीचं नावही ऐकलं नव्हतं, यादीत पक्कं केलं. बाली बहुतेक मागे पडणार. नॉर्वेत रात्री आभाळात झळकणारा उत्तर ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) बघायची आईची फार इच्छा आहे. तिथे काय अनुभव?

दूरदेशी
आईंना आधीच सांगून ठेवा की फोटोतला गडद हिरवा रंग डोळ्यांना दर वेळी दिसत नाही. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, कॅमेरा मात्र काही सेकंद प्रकाश गोळा करत राहतो. झोत मंद असेल तर पांढुरक्या ढगाचा पट्टा वाटतो. जोरदार असेल तर हिरवा स्पष्ट दिसतो आणि हलतोही, तेव्हा कॅमेरा खिशात टाका.

उन्हाळ्यात मुळीच जाऊ नका, उत्तर नॉर्वेत तेव्हा रात्री अंधारच पडत नाही. सप्टेंबरअखेर ते मार्च धरा. आणि एकाच रात्रीच्या भरवशावर जाऊ नका, आभाळ भरून आलं तर काहीच दिसत नाही. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात चार-पाच रात्री मुक्काम ठेवा आणि फिरवणाऱ्याला आधीच विचारा की ढग असतील तर तो गाडी दुसरीकडे नेतो का.