प्रतिसाद: केवळ अन्नटंचाई नव्हे

मुलांचे कुपोषण म्हणजे केवळ अन्नटंचाई, हे मत मला अपुरे वाटते. मेळघाटातील कोरकू आदिवासी कुटुंबे मजुरीसाठी गाव सोडतात, तेव्हा अंगणवाडीचा आहार आणि लसीकरण दोन्ही मागे राहतात. त्यात कमी वयात लग्न झालेल्या, रक्तक्षय असलेल्या आईचे मूल अनेकदा जन्मतःच अडीच किलोंपेक्षा कमी भरते आणि पावसाळ्यातील हगवणीने आणखी खंगते. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरखाली गेला, की ते तीव्र कुपोषित ठरते. खुंटलेली उंची मात्र दंड मोजणाऱ्या त्या पट्टीला दिसत नाही. पहिल्या दोन वर्षांत राहिलेली वाढ पुढे शाळेतल्या खिचडीने फारशी भरून निघत नाही. म्हणूनच गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार देणारी २०१५ ची अमृत आहार योजना मला अधिक नेमकी वाटते, अर्थात निधी वेळेवर पोहोचला तर.