रोजची ये-जा आणि रानोमाळ भटकंती: जाड टायरची, मोठ्या बॅटरीची एकच ई-सायकल पुरेल का?

वळणवाट

कामावर जायला-यायला आणि सुट्टीच्या दिवशी डांबर सोडून भटकायला एकच ई-सायकल घ्यायची असेल, तर चार इंची टायरची आणि मोठ्या बॅटरीचीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. चर्चा नेमकी व्हावी म्हणून सर्वसाधारण नमुना समोर ठेवतो: २६ बाय ४ इंची टायर, मागच्या चाकात ७५० वॅटची हब मोटर, ४८ व्होल्ट २० अँपिअर-तासांची बॅटरी, पुढे सस्पेन्शन, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, वजन साधारण ३४ किलो. कंपन्या अशा सायकलीला एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर सांगतात.

बाजू मांडतो. रोजचा रस्ता गुळगुळीत असतो हे आपण गृहीत धरतो, पण तसा तो क्वचितच असतो. खड्डे, गटाराच्या जाळ्या, रुळांच्या फटी, रस्त्याची तुटलेली कड, वळणावर साचलेली खडी. पातळ टायर अशा ठिकाणी अडकतो किंवा घसरतो, चार इंची टायर निघून जातो. अंधारात, पावसात, मागून गाडी येत असताना हा फरक फार मोठा आहे.

बॅटरीचंही तसंच. मोठी बॅटरी फक्त लांब जायला नसते. रोज २० किलोमीटर धावणारी बॅटरी ऐंशी टक्के भरून तीस-चाळीस टक्क्यांवर परत चार्जिंगला लावता येते. पूर्ण भरणं आणि पूर्ण रिकामं करणं टाळलं की लिथियमच्या सेलचं आयुष्य वाढतं. शिवाय जास्त सेल समांतर असल्याने मोटरचा भार वाटला जातो. म्हणजे भटकंतीसाठी घेतलेली क्षमता रोजच्या वापरातही कामी येते.

साखळीवाला

असहमत, आणि मनापासून असहमत.

जाड टायर कशासाठी जन्मले ते आठवा. बर्फ आणि वाळू. २००५ साली सर्लीची पग्सली बाजारात आली आणि रुंद टायरची सायकल सर्वसामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोचली, तीही बर्फात नि वाळूत चालवणाऱ्यांसाठी. तुमच्या वाटेत यांतलं काही नसेल, तर चार इंच कशाला? सव्वादोन ते अडीच इंची टायर ३० पीएसआयवर (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) खड्डेही झेलतो, कच्चा रस्ताही झेलतो, आणि सायकल २४-२५ किलोंत बसते.

आणखी एक गोष्ट, जी जाहिरातीत कधीच नसते. चार इंची टायरला जागा मिळावी म्हणून पॅडलमधलं अंतर वाढवावं लागतं. साध्या सायकलीत तळाचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलची दांडी ज्यात फिरते तो भाग, ६८ किंवा ७३ मिलिमीटरचा असतो, जाड टायरच्या सायकलीत तो सहसा १०० मिलिमीटरचा. पाय फाकवून रोज तासभर पॅडल मारून बघा. ज्यांचे गुडघे नाजूक आहेत त्यांना हे पहिल्या आठवड्यात कळतं.

आणि वजन! चालवताना नाही जाणवत, मान्य. पण तळघराच्या पायऱ्या, लिफ्ट, गाडीचा मागचा रॅक, आगगाडीचा डबा, यातल्या प्रत्येक ठिकाणी ३४ किलो म्हणजे शिक्षा आहे.

वॅटतास

दोघांच्याही बोलण्यात आकडे हवेत, म्हणून लिहिते.

४८ × २० = ९६० वॅट-तास, म्हणजे बॅटरीत मावणारी एकूण ऊर्जा. शेवटचा थोडा साठा सोडला तर वापरायला साधारण ८६० धरा. आता सरळ बसलेला चालक, सायकल आणि सामान मिळून १२० किलो, रस्ता सपाट, वारा नाही. माझं गणित असं येतं (गृहीतकं बदलली की आकडे हलतील):

ताशी २५ किलोमीटरला निव्वळ थ्रॉटलवर, म्हणजे पॅडल न मारता नुसती मूठ पिळून, दर किलोमीटरला बारा वॅट-तासांच्या आसपास. म्हणजे सत्तरेक किलोमीटर. तोच वेग, पण चालक नेटाने ७० वॅट पॅडल मारतोय: आठच्या आसपास, म्हणजे शंभरी गाठता येते. ताशी ३२ ला थ्रॉटलवर: जवळपास सोळा, म्हणजे पंचावन्न किलोमीटरही पुरते नाहीत.

म्हणजे कंपनीचे शंभर किलोमीटर खोटे नाहीत, पण ते पॅडल मारणाऱ्याचे आहेत. थ्रॉटल पिळणाऱ्याने निम्मेच धरावेत.

आता साखळीवाला, तुमच्यासाठी. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. २५ वरून ३२ ला गेलं की तो ६४ टक्के वाढतो आणि बॅटरीतून किलोमीटरमागे चारेक वॅट-तास जादा जातात. योग्य हवा भरलेला चार इंची टायर पातळ टायरपेक्षा जादा खातो दोन-अडीच. म्हणजे रेंज खाणारा मुख्य माणूस टायर नव्हे, वेग आहे. लोक टायरला दोष देतात, कारण तो डोळ्यांना दिसतो.

साखळीवाला

ताई, गणित आवडलं. पण "योग्य हवा भरलेला" या तीन शब्दांतच सगळी मेख आहे.

डांबरावर या टायरला २० ते २५ पीएसआय लागतं. वाळूत किंवा चिखलात उतरायचं तर दहाच्या आसपास आणावं लागतं, बर्फात त्याहून कमी. उतरवणं सोपं आहे. परत भरायचं कसं? त्या टायरच्या पोटात हवा प्रचंड मावते, छोट्या हातपंपाने भरता भरता हात गळून जातात. मग माणूस मऊ टायरवरच डांबरावरून घरी येतो. तेव्हा तुमचे दोन-अडीच वॅट-तास कुठल्या कुठे जातात, आणि वळणावर हँडल आपोआप आत ओढलं जातं ते वेगळंच. एकाच सायकलीने दोन्ही कामं म्हणताना हे कुणी सांगत नाही.

वळणवाट

हा मुद्दा खरा आहे आणि महत्त्वाचाही, पण त्यावर उपाय आहे. चार्जिंगवर चालणारा मुठीएवढा पंप पिशवीत ठेवायचा, सोबत कमी दाब नीट दाखवणारा गेज. नेहमीचे गेज ० ते १५ च्या पट्ट्यात अंदाजपंचे दाखवतात, आणि या टायरमध्ये दोन पीएसआयचा फरकसुद्धा हँडलला जाणवतो. ज्याला थांबून पाच मिनिटं हवा भरायचा कंटाळा आहे त्याने अडीच इंचीच घ्यावी, तिथे मी वाद घालणार नाही. पण वाळूच्या पट्ट्यात अडीच इंची टायर घेऊन उतरलं की सायकल ढकलत न्यावी लागते. ज्याच्या भटकंतीत तो पट्टा आहे, त्याने काय करावं?

घाटमाथा

वाळूचं राहू द्या, चढाचं बोला. भटकंती म्हणजे चढ, आणि तिथे या नमुन्याची खरी कमजोरी टायर नाही, मागच्या चाकातली मोटर आहे.

१२० किलो ५०० मीटर उंच न्यायला निव्वळ १६४ वॅट-तास लागतात. घट धरून बॅटरीतून २२० तरी जातात. हे ठीक, बॅटरीत भरपूर आहे. पण दहा टक्क्यांच्या चढावर ताशी दहाने जाताना हब मोटर तिच्या सोयीच्या वेगापेक्षा फार हळू फिरते. कार्यक्षमता झपाट्याने घसरते आणि उरलेली वीज उष्णता होऊन गुंडाळीत साठते. छोटा चढ असेल तर चालतं. लांब घाटात मोटर तापते, मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर ताकद कमी करतो, आणि आतले नायलॉनचे गिअर मऊ पडले तर विषयच संपला.

पॅडलच्या दांडीपाशी बसवलेली मिड-ड्राइव्ह मोटर सायकलीचेच गिअर वापरते, म्हणून चढावरही आपल्या वेगात फिरत राहते. किंमत मोजावी लागते साखळी आणि कॅसेटने (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं), ती लवकर झिजतात. तरी चढाच्या वाटांवर माझा कौल मिड-ड्राइव्हला.

साखळीवाल्यांना एक सांगतो: दहा किलो हलकी सायकल घेतली तर त्याच चढात फार तर पंधरा-वीस वॅट-तास वाचतील. वजनाचा त्रास उचलताना आहे, चढताना नाही.

गुडघेदुखी

माझ्या गुडघ्यांचा उल्लेख नाव न घेता वर झालाच आहे, तेव्हा बोलते. रुंद पॅडलचा त्रास होतो हे बरोबर, पण सगळ्यांना नाही. सेन्सर कोणता आहे यावर मला जास्त फरक पडला. कॅडन्स सेन्सरवाली सायकल फक्त पॅडल फिरतंय का ते बघते. सिग्नलला सुटताना अर्धा फेरा आपल्यालाच ३४ किलो ढकलावे लागतात आणि मग एकदम धक्का बसतो. टॉर्क सेन्सर पायाचा दाब ओळखतो, पहिल्या क्षणापासून मदत येते. गर्दीत चालवायची सायकल असेल तर टॉर्क सेन्सरशिवाय घेऊ नका. टायरच्या रुंदीवर एवढी चर्चा आणि यावर कुणी चकार शब्द नाही, याचं वाईट वाटलं.

वॅटतास

+१. आणि निघण्यासाठी थ्रॉटल वापरणाऱ्यांनी आपल्याकडचा नियम आधी बघावा. युरोपीय संघात २५० वॅट आणि ताशी २५ नंतर मोटरची मदत बंद, थ्रॉटलवर धावणारी गाडी साध्या सायकलीत मोडत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ७५० वॅटपर्यंत तीन वर्ग आहेत, मदत ताशी ३२ किंवा ४५ किलोमीटरपर्यंत. भारतात २५० वॅटपेक्षा कमी आणि ताशी २५ च्या आत असेल तरच नोंदणीतून सूट. धाग्यातला ७५० वॅटचा नमुना बऱ्याच देशांत सायकल म्हणून रस्त्यावर आणताच येत नाही. जंगलवाटांवर तर मोटर असली की कित्येक ठिकाणी प्रवेशच नाही.

दिवाबत्ती

अवांतर वाटेल, पण माझ्या मते हाच पहिला प्रश्न असायला हवा: ९६० वॅट-तास घरात कुठे ठेवणार?

सायकल खाली, बॅटरी वर, रात्रभर चार्जिंग, आणि बहुतेक वेळा घराच्या एकमेव दाराशेजारी. २ अँपिअरच्या चार्जरने रिकामी बॅटरी भरायला दहा-अकरा तास लागतात, म्हणजे सगळे झोपलेले असताना. लिथियमची आग लागली की ती विझवायला तुमच्या हातात काही नसतं, फक्त बाहेर पडायला वाट मोकळी हवी, आणि ती वाटच अडवून बॅटरी ठेवलेली असते. न्यूयॉर्क शहराने २०२३ पासून यूएल २८४९ हे विद्युत सुरक्षेचं प्रमाणपत्र नसलेल्या ई-सायकलींच्या विक्रीवर बंदी आणली ती अशा आगींमुळेच. बॅटरी जितकी मोठी तितका हा प्रश्न मोठा, म्हणून वळणवाट यांचा "मोठी बॅटरी आयुष्य वाढवते" हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. प्रमाणपत्र बघा, सोबत आलेलाच चार्जर वापरा, पडलेली किंवा भिजलेली बॅटरी लावू नका, शून्याखालच्या थंडीत चार्ज करू नका. आणि दारात नको, कृपा करून.

वळणवाट

दिवाबत्ती, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. दाराचा मुद्दा माझ्या मांडणीत असायला हवा, तो जोडून घेतो.

बाकी माझं मत कायम आहे, फक्त थोडं आवळून मांडतो. वाट सपाट, रस्ता खराब, वाळू-चिखल अधूनमधून, सायकल तळमजल्यावर ठेवायची सोय, टॉर्क सेन्सर आणि प्रमाणित बॅटरी: अशा माणसाला जाड टायरची एकच सायकल दोन्हीकडे पुरते. घाटमाथा यांच्यासारख्या चढाच्या वाटा असतील तर मोटर बदला, टायर तोच ठेवा.

साखळीवाला

एवढ्या अटी घातल्यावर उरले किती जण? मी अडीच इंचीवरच आहे.

तरी कुणी घेणारच असेल तर दुकानात दोन गोष्टी कराव्यात. मोटर बंद करून दोन किलोमीटर चालवावी, कारण एक ना एक दिवस बॅटरी वाटेत संपणार आणि घरी पायांवरच यावं लागणार. आणि मागचं चाक स्वतःच्या हाताने काढून बसवून बघावं. हब मोटर असलेल्या चाकाला सहसा झटपट निघणारी दांडी नसते. नट असतात, दांडी फिरू न देणारा टॉर्कचा वॉशर असतो, मोटरची वायर सोडवावी लागते. पंक्चर रानात होतं आणि तेही मागचंच.

घाटमाथा

बहुतेक हब मोटरना १८ मिलिमीटरचा पाना लागतो, घेतानाच तपासून पिशवीत टाकावा. चाक न काढता नुसती टायरची कड सोडवून ट्यूब बाहेर ओढायची आणि ठिगळ लावायचं, हेही जमतं. चार इंची टायरची कड सैल असली तर हाताने निघते. इथे जाड टायरच बरा, साखळीवाला.