ट्रॅकमनसाठी वीरगळ: साचा, सिमेंट आणि ठाण्याचा पाऊस

कळवाकर: रुळांवर काम करताना गेलेल्या ट्रॅकमनसाठी वीरगळाच्या (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेच्या) धर्तीवर उठावशिल्प करायचंय. २ फूट उंच, १ फूट रुंद, दीड इंच जाड. ठाण्यात सोसायटीच्या बागेत, उघड्यावर बसणार. शाडूत काम चालू आहे. पीओपीत ओतलं तर टिकेल का? आणि मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरांच्या जागी काय दाखवावं?

साचेवाला: पीओपी उघड्यावर नकोच. त्यातलं जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं, नाकं-बोटं बोथट होतात. ऑइलपेंट मारलात तर आत ओल कोंडून पापुद्रे सुटतील. पांढरं सिमेंट ५ किलो, बारीक धुतलेली वाळू १० किलो (खाडीची नको), पाणी सव्वादोन लिटर. एवढ्यात नग होतो, वजन साधारण १६ किलो.

एकच प्रत हवी तर वेस्ट मोल्ड करा, म्हणजे एकदाच वापरून फोडायचा साचा. पीओपीचा पहिला थर अर्धा सेंटिमीटर, त्यात थोडा गेरू. वर काथ्या घालून ३ सेंटिमीटरचा पांढरा थर. शाडू ओली असतानाच काढा. साचा वाळला की आतून लाखेचे दोन हात, मग साबणाचं पाणी. लाख चुकवली तर साचा सिमेंटमधलं पाणी ओढतो आणि पृष्ठभाग पिठासारखा सुटतो. सिमेंट ओतल्यावर दोन दिवसांनी साचा बोथट छिन्नीने फोडा. तांबडं दिसलं की हात हलका, खाली लगेच शिल्प आहे. नंतर ओल्या गोणपाटात ७ दिवस.

वीरगळ_वाचक: वीरगळ खालून वर वाचतात: मरण, स्वर्गात नेणं, शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. स्वर्गात नेणाऱ्या विमानाच्या जागी लोकल दाखवण्याचा मोह टाळा, व्यंगचित्र होईल. खांद्यावर उचलून नेणारे त्याच्या ट्रॅकमन गँगमधले चौघे पुरेत. बोरिवलीजवळ एकसरचे समुद्रयुद्धाचे वीरगळ बघून या. चेहरे झिजलेत, पण वल्ह्यांची एकसारखी रांग लगेच ओळखू येते. तुमच्याकडे ते काम रुळांखालचे स्लीपर करतील: खालच्या चौकटीत एकाच मापाचे, खोल कोरलेले. चंद्र-सूर्य सगळ्यात जास्त उठावाचे ठेवा, 'आचंद्रसूर्य' म्हणायचं तर तेच आधी पुसले जायला नकोत!

खाडीकाठ: आत लोखंडी जाळी घालू नका. दीड इंचात ती पृष्ठभागाच्या फार जवळ येते, खारी हवा लागली की गंजून फुगते आणि सिमेंट फोडते. अल्कली सोसणारी काचतंतूची जाळी घ्या. माथ्याला मागे उतार द्या. तोंड पूर्वेला ठेवा: पाऊस नैऋत्येचा, आणि सकाळचं तिरपं ऊन उठावावर छान पडतं.

कळवाकर: खाली नाव कोरायचं का?

वीरगळ_वाचक: आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर लेख नाहीत, तरी गावं त्यांना शेंदूर लावतात. मी असतो तर हातोडा आणि लाल झेंडी दाखवून थांबलो असतो.

साचेवाला: घरच्यांना नाव हवंच असतं हो. शाडूतच सुलट कोरा (साच्यात कोरलंत तर उलटं लिहावं लागेल). अक्षर इंचभर तरी उंच, खाच व्ही आकाराची. अनुस्वार जरा मोठाच ठेवा, साच्यात त्याचा उंचवटा होतो आणि शाडू काढताना पहिला तोच उडतो.